आझमतला मिळालेला प्लस टू

किर्गिझस्तानात, बिश्केकच्या आमच्या ऑफिसात बर्मेट माझ्यासमोरच्या टेबलाशी बसते. हजारो सर्व्हर एकत्र चालवणारं एक खुलं सॉफ्टवेअर आहे, जगभरातले लोक त्याच्या कोडमध्ये बदल पाठवतात. ते तपासायचं तिचं काम. हरकत असली की मायनस वन. बदल लिहिणाऱ्यानं त्या हरकतीला उत्तर द्यायचं, अशी रीत. शेवटची मंजुरी म्हणजे प्लस टू. तो हक्क मोजक्यांनाच असतो. बर्मेट सहा वर्षं त्याची वाट बघत होती.

मार्चमध्ये तो आझमतला मिळाला. दोन वर्षांपूर्वी तो नवीन आला, तेव्हा चाचण्या लाल, म्हणजे नापास, का होतात इथपासून सगळं तिनंच त्याला शिकवलेलं. त्या दिवशी तो गरम समसे, म्हणजे मांस भरलेले भाजके समोसे, घेऊन आला. तो तिला एजे, म्हणजे ताई, म्हणतो.

“एजे, पहिला तुम्ही घ्या. तुमच्यामुळेच तर झालं!”

“नको रे, पोट भरलंय.”

सकाळपासून तिच्या पोटात नुसता चहा होता.

त्यानंतर आझमतचा बदल आला रे आला की बर्मेट तिथे हजर. नाव लांबलंय, मायनस वन. पूर्णविराम राहिलाय, मायनस वन. एका बदलाच्या त्याला चौदा आवृत्त्या काढाव्या लागल्या.

“अगं, जीव घेतेस का त्याचा?” मी म्हटलं.

“नियम सगळ्यांना सारखे.”

“मग माझ्या बदलांतल्या चुका कशा दिसत नाहीत तुला?”

“तुला कुठे प्लस टू मिळालाय?” ती फटकन बोलून गेली आणि लाल झाली.

मे महिन्यात तिला त्याच्या बदलात खरीच चूक सापडली. डिस्क भरत आलेली असताना दोन सर्व्हर एकदम लिहायला लागले, तर एकाचं लिखाण पुसलं जाणार होतं. चाचण्या मात्र सगळ्या हिरव्या. तिनं सविस्तर हरकत लिहिली.

“एजेंचा अजून एक पूर्णविराम!” असं म्हणून आझमत हसला. दुसऱ्या दोघांकडून त्यानं मंजुरी मिळवली आणि बदल आत गेला. त्याचं टेबल चार पावलांवर होतं. बर्मेटनं ते पडद्यावर पाहिलं आणि ती जागची उठली नाही.

आठ दिवसांनी कुठल्याशा प्रयोगशाळेतली आठवडाभराची मोजमापं पुसली गेली. बदल मागे घ्यावा लागला. आझमतनं सगळ्यांसमोर माफी मागितली आणि मग तिच्या टेबलापाशी आला.

“तुम्ही लिहिलं होतंत, एजे. मी वाचलंच नाही.”

“मीही उठून सांगितलं नाही. आणि खरं सांगू? तुझी फजिती झाली तेव्हा मला बरं वाटलं.”

“तुम्ही रागावलाय हे कळत होतं मला. विचारायचा धीर झाला नाही.”

शरदात त्यानंच प्लस टूसाठी तिचं नाव सुचवलं. तो हक्क असलेल्या तिघांनी नकार दिला. तिचा प्रत्येक शेरा सॉफ्टवेअरच्या नोंदींत जपलेला होता. त्यांनी त्या चौदा आवृत्त्यांकडे बोट दाखवलं. बर्मेटनं ती चर्चा दोनदा वाचली आणि पुढचा बदल तपासायला घेतला.

आता ती उगाच कुणाला अडवत नाही. तरी आझमतनं कुणाला प्लस टू दिला, की समोरच्या टेबलावरचा टाइपिंगचा आवाज क्षणभर थांबतो.