मोटारीला करडईचं तेल

आता मोटारीचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून सांगतो. पण आधी तो घोट गिळून घ्या, नाहीतर पुढं चहा नाकात जायचा.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचं घर पेडगावात. वडिलांनी परभणीच्या एका अंमलदाराची जुनी मोटार विकत घेतली होती. आसपासच्या गावांत तेवढी एकच. बायका तिच्या दिव्यांना हळदकुंकू लावायच्या. आणि खरं सांगू? मीही सकाळी उठून तिच्या पाया पडायचो, फक्त कुणी बघत नाही ना ते बघून. एवढं लोखंड बैलाशिवाय चालतं, हे मला ती चालवता येत असूनही पटत नसे.

त्याच वर्षी माझं लग्न जुळत होतं. मुलगी परभणीच्या एका वकिलांची. मी तिला एकदाच पाहिलं होतं आणि तेव्हापासून ताटात काय वाढलंय ते मला कळत नव्हतं. वकीलसाहेब गुरुवारी आगगाडीनं येणार, घर बघणार आणि मग काय ते सांगणार. मध्यस्थानं आधीच फुशारकी मारून ठेवलेली, की पोरगा मोटारीचं सगळं स्वतःच्या हातानं करतो. इकडे मोटारीचा रंग जागोजाग उडालेला आणि खाली गंज. म्हटलं, आठ दिवस आहेत, आपणच रंगवून काढू.

परभणीच्या दुकानदारानं आधी लावायच्या तांबड्या अस्तराचा डबा दिला, वरच्या काळ्या रंगाचा दिला आणि टर्पेंटाईनची एक बाटली दिली.

"मियाँ, अस्तर गाढा है. इसीच से पतला करना. दूसरा कुछ नक्को मिलाना."

घरी येऊन मी गंज घासला, बाटली उघडली आणि थोडं तळहातावर घेतलं. गार लागलं. आणि बघता बघता नाहीसं झालं! पुन्हा घेतलं, पुन्हा नाहीसं. ना ओल, ना डाग. मी थक्क झालो. असा चमत्कार मी जत्रेतल्या जादूगाराकडेही पाहिला नव्हता. आमचे विठोबा सुतार गावातल्या बैलगाड्या रंगवायचे, त्यांना हाक मारली.

त्यांनीही तळहात पुढं केला. हात उलटासुलटा करून बघितला.

"मालक, हे तर उडून जायलंय."

"तेच म्हणतो मी. जे हातावर टिकत नाही ते पत्र्यावर काय टिकणार?"

"आमी तर गाडीच्या रंगात जवसाचं तेल घालताव. पर कच्चं न्हाई, चांगलं उकळून."

इथं माझी अक्कल जागी झाली. जवस बैलगाडीला ठीक आहे, पण मोटारीला? मोटारीचा काही मान आहे की नाही? मी थेट स्वयंपाकघरात गेलो आणि घाण्यावरून आलेल्या ताज्या करडईच्या तेलाची बरणी उचलली. आई म्हणाली, "मोटारीला फोडणी द्यायलास का रे?"

फोडणी नाही, पण अस्तर असं काही लागलं म्हणता! कुंचला नुसता घरंगळत होता. सगळी मोटार तुकतुकीत. मला त्यात माझा चेहरा दिसला आणि चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज दिसलं. मी दोन पावलं मागं सरून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी बोट लावलं. ओलं. तिसऱ्या दिवशी, ओलं. पाचव्या दिवशीही बोट तांबडंच. विठोबा रोज येऊन बोट लावायचे, बोट धोतराला पुसायचे आणि निघून जायचे.

दिवस कापूस वेचणीचे. अंगणात आमच्या कापसाचा ढीग. बुधवारी दुपारी अशी वावटळ सुटली, की अंगणातलं काही दिसेना. ती ओसरल्यावर मी डोळे उघडले. ढीग अर्धा झाला होता. दुसरा अर्धा मोटारीवर होता. बोनेटपासून मागच्या टोकापर्यंत पांढरीशुभ्र, गुबगुबीत मोटार.

पुसायला गेलो तर कापूस आणखीच रुतला. टर्पेंटाईन आठवलं. बाटलीला बूच लावायला विसरलो होतो. चमत्कार पूर्ण झाला होता.

गुरुवारी तशीच मोटार घेऊन स्टेशनकडं निघालो. दुसरं करणार काय? मागं सगळं गाव. वाटेत धोंडाबाई धनगरणीचा मेंढ्यांचा कळप आडवा आला. पुढच्या मेंढीनं मोटारीकडं पाहिलं आणि ती निमूट मागं चालू लागली. तिच्यामागं उरलेल्या साठ.

धोंडाबाईनं आधी मोटारीला नमस्कार केला. मग हात फिरवून, जाणकारीनं विचारलं, "मालक, हिला कवा कातरायचं?"

वकीलसाहेब काळ्या शेरवानीत गाडीतून उतरले. मोटार, तिच्यामागं मेंढ्या, मेंढ्यांमागं गाव. त्यांचा हात दाराकडं गेला तो कापसासकट तांबडा होऊन परत आला. त्यांनी बोटं नाकाशी नेली.

"करडई?"

"हो साहेब."

"टर्पेंटाईन मिळालं नाही?"

"मिळालं. पण ते उडून जात होतं."

ती मुलगी आता दुसऱ्या कुणाच्या घरी जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "बाळासाहेब, उडून जाणं हेच त्याचं काम असतं." आणि रुमालानं बोटं पुसत पुढं म्हणाले, "असो. जे टिकत नाही ते ज्याला नको वाटतं, त्याला मुलगी द्यायला हरकत नाही. फक्त वरात बैलगाडीतून काढा."

लग्न दीड महिन्यानं झालं. विठोबांनी उकळलेल्या जवसाच्या तेलात रंगवलेली बैलगाडी खडखडीत वाळून चकाकत होती. वरात आमच्या दारात आली. मी नव्या नवरीशेजारी छाती काढून बसलेलो. ती माझ्याशी अजून एक शब्दही बोलली नव्हती. अंगणातली पांढरी मोटार दिसली तशी ती पदराआडून माझ्याकडं वळली. मी श्वास रोखून ऐकू लागलो.

हळूच म्हणाली, "अहो, ती अजून वाळली नाही का?"