लंब्या दौडीच्या वाटेवर सासरवाडी

कापसाच्या आडतीत काम केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत न्हाईत. कापूस जसा नाकात, कानात, भाकरीत जाऊन बसतो तसे तेही चिकटतात, कितीही झटका! त्यातले बाकीचे मी हसत सांगतो. दौडीचे सांगताना मात्र अजून पोटऱ्या दुखतात. तुम्ही हसा, तुमचं काय जातं!

रझाकारांच्या धामधुमीच्या बऱ्याच आधीची गोष्ट. मी वडीगोद्रीचा. घरात भाऊ जास्त अन् जमीन थोडी, म्हणून अंबडला पूनमचंद सेठच्या आडतीत हमाली करून राह्यलो होतो. लग्न झालेलं, पण बायको माहेरीच. सासऱ्यानं पोरगी दिल्ती शेतकऱ्याच्या घरात. जावई कापसाचे बोरे उचलतो हे कळल्यावर त्यांनी सरळ निरोप धाडला, "हमालाच्या खोलीत गयाला धाडीत न्हाई. सरकारी पट्टा कमरंला लागू द्या, मंग न्यायला या."

आता सरकारी पट्टा काय झाडाला लागतो?

पण नशीब बघा! अंबडच्या कचेरीत नवे तहसीलदारसाहेब आल्ते. विलायतेत शिकलेले. तिथं त्यांनी कोस-कोस पळणारी माणसं पाह्यली होती अन् ते खूळ इथं घेऊन आले. गावोगाव दवंडी फिरली. जांब समर्थपासून अंबडच्या कचेरीपर्यंत लंबी दौड होणार, पहिल्या तिघांना कचेरीत पट्टेवाल्याची नौकरी!

मी आडतीत येऊन सांगितलं, "सेठ, मी पळणार."

सेठ गादीवरून उठून बसले. "अरे किसन, तू तो काट्यापासून गोदामापर्यंत बोरा नेताना दोन बार बैठतो! जांबपासून अंबड? बिलकुल मरेगा तू!"

माझ्या जोडीचा हमाल सखाराम म्हणाला, "पळू द्या सेठ. ह्याला बायको आणायचीय."

"बायको लाने कू दौडना कायको? बैलगाडी ले के जा ना!"

सगळे बोऱ्यांवर पडून हसले. मी एकटाच हसलो न्हाई.

*

पहिल्या सकाळी वडीगोद्रीच्या रस्त्यानं निघालो. गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत बरा होतो. ओढा चढलो अन् छातीचा भाता झाला. तोंड उघडं, डोळे बाहेर, पाय कुणा दुसऱ्याचे.

पुढच्या वस्तीवर गोदामावशी शेण गोळा करून राह्यली होती. ती आमच्याच भावकीतली. आपल्याकडं सकाळी सकाळी माणूस पळत आला की त्याचा एकच अर्थ. कुणीतरी गेलं अन् हा निरोप घेऊन आला!

मावशीच्या हातातलं शेण गळालं. "कोन गेलं रं किसना?"

मला दमच न्हाई. बोलायला गेलो तर नुस्ती शिट्टी निघाली. पाणी पाह्यजे म्हणून तिच्या घराकडं हात केला.

झालं! मावशीनं जो हंबरडा फोडला! तिचा दादला आत अंथरुणावर धडधाकट झोपलेला. तो बाहेर आला तर हिचं रडणं अजून वाढलं, आता तिला वाटलं थोरला भाऊ गेला. वस्ती गोळा झाली. एक जण तर लाकडं काढायला पण लागला.

शेवटी मला वाचा फुटली. "कोनी न्हाई गेलं... मी पळून राह्यलो..."

"कशापायी?"

"उगंच. प्रॅक्टिस."

लाकडं काढणाऱ्यानं हातातलं लाकूड खाली ठेवलं. मंग मावशीचा दादला म्हणाला, "उगंच पळतो म्हनतो! धरा रे ह्याला, अंबडला वैद्याकडं न्या!"

त्यांनी मला गाडीत घालून आणून सोडलं. पहिल्या दिवशी जितका पळालो त्याच्यापेक्षा जास्त गाडीत बसलो.

*

मंग रशीदचाचांनी मला हाताशी धरलं. चाचा आमच्या आडतीचे चौकीदार. जवानीत निजामाच्या फौजेत होते. मिशा अजून फौजेतच होत्या.

"दौड का एकच कायदा," चाचा म्हणाले. "पीछे मुडके देखना नहीं! कोण आलं, कोण गेलं, कोणी आवाज दिया, कुछ भी हो, मान सीधी! हमारी पलटण में पीछे देखनेवाला कभी आगे गया नहीं."

मी मान सीधी ठेवायची प्रॅक्टिस केली. आडतीत सुद्धा कोणी हाक मारली की वळत नव्हतो. सेठनं तीनदा हाक मारली, चौथ्यांदा वजनाचं माप फेकून मारलं. लागलं. तरी वळलो न्हाई. चाचा खूश!

दुसरी गोष्ट खुराकाची. चाचा म्हणाले, "रोज अंडे खा." सेठ जैन. त्यांनी कानावर हात ठेवले. "मेरे अहाते में अंडा? राम राम! दूध पी, जितना पाह्यजे तितना पी. घर की गाय है."

हमालाच्या पोटाला एवढ्या दुधाची सवय कुठली? रात्री लोटाभर पिलो, सकाळी निघालो. ओढ्याच्या अलीकडंच पोटानं इशारा दिला. मी रस्ता सोडला अन् बाभळीच्या रानाकडं जो सुटलो!

चाचा लांबून बघत होते. परत आलो तर त्यांनी मला मिठीच मारली.

"शाबास बेटा! आज पह्यली बार तू दौड्या!"

*

आता बुटांचं ऐका. चाचांनी ट्रंकेतून फौजेचे बूट काढले अन् देवाचा प्रसाद द्यावा तसे माझ्या हातात दिले. ते मोठे, माझे पाय लहान. पुढं कापूस कोंबला, आडतीत त्याला काय तोटा! आठ दिवसांत टाचा सोलून निघाल्या. बोटांची नखं काळी पडली. संध्याकाळी बूट काढला की कापूस लाल.

सखारामनं पण नाव दिल्तं. गंमत म्हणून! तो प्रॅक्टिस करत नव्हता, दूध पीत नव्हता, बूट घालत नव्हता. एकदा माझ्यासंगं नुस्ता पळून बघतो म्हणाला. मी ओढ्यावर पोचलो तेव्हा हा पुढच्या टेकाडावर बोरं खात बसलेला.

"ये सावकाश," तो वरून ओरडला. "घाई न्हाई. मी तवर झोप काढतो!"

त्या दिवशी मी ओढ्यातल्या दगडावर बसून रडलो. खरं सांगतो, ढसाढसा रडलो. सखाराम खाली आला, शेजारी बसला. मंग त्यानं उरलेली बोरं माझ्या हातात दिली.

"किसन्या, तुला न्हाई जमायचं रे."

त्याचं मन वाईट नव्हतं. म्हणून तर जास्त लागलं.

*

एक दिवस आडत बंद होती. मी पळत, चालत, बसत, पुन्हा पळत सासरवाडीच्या शिवेपर्यंत गेलो. गावाचं नाव सांगत न्हाई, अंबड अन् जांबच्या मधी आहे एवढं समजा. माणसं अजून आहेत तिथं, अन् अजून हसतात.

शिवेवर लिंबाचं झाड. तिथून विहीर दिसते. बाया पाणी शेंदत होत्या. त्यात हिरव्या लुगड्याची एक. लग्नात अंतरपाट होता, नंतर मुंडावळ्या होत्या, मी तिला धड पाह्यलंच कुठं होतं? पण ती गयाच होती. कशावरून ते मला विचारू नका.

आत कसं जाणार? बोलावल्याशिवाय जावई सासरवाडीत पाय ठेवत न्हाई. त्यात लग्नानंतर पह्यल्यांदाच जायचं, ते घामानं भिजून अन् फौजेचे बूट घालून? मी झाडाखाली उभा राह्यलो. तिनं घागर डोक्यावर घेतली, गेली. मी वळलो अन् आल्या वाटेनं पळत सुटलो. इतकं जड वाटलं की त्यापेक्षा बोरे बरे.

चार दिवसांनी सासऱ्याचा माणूस आडतीत आला. निरोप होता, "जावईबापू शिवंपर्यंत येऊन उलटे पळून गेले म्हनं. गावात चर्चा हाये. काही रोग झाला असंल तर आत्ताच सांगा!"

*

अन् मंग तो दिवस आला.

जांबला समर्थांच्या देवळापुढं आम्ही लाईनीत उभे. साहेबांनी सांगितलं, दौडीच्या मागून सरकारची एक बैलगाडी येणार. जो रस्त्यात बसला त्याला उचलून गाडीत टाकणार. गाडीत बसला तो बाद! त्या गाडीच्या बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा होत्या. आम्ही तिला 'उचलगाडी' नाव ठेवलं. तिचे घुंगरू वाजले अन् मी लाईनीत दोन पावलं पुढं सरकलो.

पण त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक. पाय माझेच होते! एक एक जण मागं पडत गेला. पुढं एक शिपायाचा भाऊ, त्याच्या मागं एक मेंढपाळ, अन् त्याच्या मागं? मी! तिसरा! सखाराम सुद्धा मागं! मान सीधी, बूट दणदण. डोळ्यापुढं पितळेचा बिल्ला लावलेला पट्टा दिसून राह्यला होता.

सासरवाडी आली.

बातमी आधीच पोचलेली, रस्त्याच्या मधोमध पाट मांडलेला. घंगाळात ऊन पाणी. सासू आरतीचं ताट घेऊन उभी. सासरे फेटा बांधून दोन्ही हात पसरून उभे. मागं सगळं गाव.

"या जावईबापू! पह्यल्यांदा दारात आलात."

"मामा, नंतर येतो! तिसरा हाये मी!"

"तिसरे असा न्हाईतर तिसावे, जावई हाव का न्हाई? पाय न धुता दारावरून गेलात तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल! बसा."

सांगा, मी काय करायचं? सासऱ्याला ढकलून पळायचं? बसलो. डोळ्यांतून पाणी वाहून राह्यलं होतं. लोकांना वाटलं, जावई किती मायाळू! माझ्या समोरून एक जण गेला. मंग दुसरा. मंग सखाराम. तो थांबला, म्हणाला, "किसन्या, ऊठ ना!" सासऱ्यांनी त्याला पण गुळपाणी विचारलं. तो हात जोडून पळाला.

सासरे खाली बसले, बूट ओढून काढला. लाल कापूस घंगाळात पडला. दुसरा काढला. ते पायाकडं बघत राह्यले. पाणी घालायचं विसरले.

"हे कशापायी केलं?" एकदम हळू विचारलं.

"पट्ट्यासाठी. तुम्हीच म्हनले व्हते ना."

त्यांनी तांब्या उचलला. पाय धुतले. इतके हळू की मला सखारामच्या बोरांची आठवण झाली. मंग घरात नेलं, शिरा खाऊ घातला, उपरणं अंगावर टाकलं. तोवर सगळे पळणारे निघून गेल्ते. मी बुटात पाय घातले अन् उठलो. मागून सासऱ्यांचा आवाज आला, कुणाला तरी "बैलं जुंप, जल्दी!" म्हणत होते. शेतावर निघाले असतील.

पळालो. पोटात शिरा डुचमळून राह्यला होता. थोडं पुढं गेलो अन् मागून ऐकू आलं, घुंगरू! उचलगाडी! माझ्याच मागं लागली!

नौकरी तर गेलीच होती. पण गाडीत पडून अंबडात जायचं? सगळ्या बाजारातून? न्हाई! मी जीव तोडून पळालो. घुंगरू जवळ आले की जोरात, लांब गेले की जरा हळू. मधूनच कोणीतरी "ओ... ओ!" करून हाक मारत होतं. गाडीत ये म्हणत असणार. मी वळलो न्हाई. चाचांचा कायदा! मान सीधी!

कचेरीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिघांच्या कमरेला पट्टे बांधून झालेले. त्यात सखाराम. मला बघून त्यानं पट्ट्यावर हात ठेवला, झाकावा तसा.

साहेब खुर्चीतून उठले. "अरे, तुम तो आगे थे! रास्ते में क्या हुआ?"

"हुजूर, रास्ते में ससुराल पड गया."

सगळी कचेरी हसली. साहेब चष्मा पुसेपर्यंत हसले. हसून झालं अन् आत निघून गेले. पट्टा काय मिळाला न्हाई.

मी पायरीवर बसलो. सेठ आल्ते, चाचा आल्ते. अन् तेवढ्यात मला कोपऱ्यात उचलगाडी दिसली. बैलं सोडलेली, कडबा खात उभी. गाडीवान बिडी ओढत बसलेला.

"कव्हा आलास?" मी विचारलं.

"दुपारीच. का?"

मंग माझ्या मागं घुंगरू कुणाचे होते?

फाटकातून घुंगरू वाजवत दुसरी गाडी आत आली. बैलांच्या तोंडाला फेस. सासरे कासरा धरून बसलेले, फेटा धुळीनं पांढरा. ते माझ्याकडं न बघता खाली उतरले अन् बैलांना पाणी मागायला गेले. मागं ट्रंक होती, पितळी घागर होती, अन् हिरवं लुगडं.

गया उतरली. पदर सावरला. माझ्या बुटांकडं बघितलं, मंग माझ्याकडं. अन् लग्नानंतर पह्यल्यांदा माझ्याशी बोलली.

"कव्हापास्नं हाका मारून राह्यले. एकदा वळून तर पाह्याचं!"