माल चांगला म्हणायचा नाही

पेणच्या बाजारात मी पहिल्यांदा वालाची पाटी घेऊन बसले, तेव्हा एका व्यापाऱ्याने चार दाणे उचलले, एक दाताखाली फोडला आणि थुंकून म्हणाला, "गेल्या सालचा हाय. कोन खानार?" वाल त्याच मोसमाचा होता, पण मी नवी होते. अर्ध्या भावात पाटी रिकामी केली. दुपारी तोच वाल त्याच्या दुकानाबाहेर मांडलेला दिसला. गिऱ्हाइकाला तो सांगत होता, "कासूकडचा हाय, लोन्यासारखा शिजतो."

त्या दिवशी मी धंदा शिकले. घ्यायच्या मालाला चांगलं म्हणायचं नाही. म्हटलं की भाव चढतो. याच एका अकलेवर मी घर उभं केलं आणि पुढे गावातल्या बायकांचा बचत गटही. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, पाकिटं भरून पेण-रोह्याला पोचवायची. अध्यक्ष मीच.

माझी धाकटी जाऊ गटात सर्वांत आधी आली. तिच्या बोटांतून दाणा अख्खा सुटायचा, कधी दुभंगायचा नाही. मी तिचं पाकीट उजेडात धरायची आणि म्हणायची, "दोन सालं राहिलीत गो."

"व्हय बाय," म्हणून ती पुन्हा पाटावर बसायची.

बाकीच्या हसायच्या. "दोनच ना? मग आज बाय खूश हाय."

रोह्याच्या दुकानदाराने आमचं एकही पाकीट कधी परत पाठवलं नाही. हे मी बायकांना सांगितलं नाही. सांगितलं तर हात सैल पडतील, असं मला वाटायचं. माझ्या तोंडाला त्या भीत होत्या हे मला ठाऊक होतं, आणि भितात म्हणून काम नीट होतं असा माझा हिशेब होता.

नऊ वर्षांनी नवा अध्यक्ष निवडायची वेळ आली. अंगणवाडीत बसलो. माझं नाव कोण घेतं एवढंच मी बघत होते. गटातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने जावेचं नाव घेतलं. पाण्यात भिजून सुरकुतलेले हात एकामागून एक वर गेले. जावेचे दोन्ही हात मांडीवर होते आणि मान खाली.

"हाताला धरून बसवलं तुमाला," मी म्हणाले, "नि आज मलाच उठवता?"

म्हातारी शांतपणे म्हणाली, "तू वाईट नाय बाय. पन तुझ्यासमोर बसलं की आपनच बाजारात मांडल्यागत वाटतं."

संध्याकाळी जाऊ आमच्या ओटीवर आली. चहा घेतला. मग म्हणाली, "माल तूच आन बाय. भाव तूच कर. तुझ्यासारखं कोनाला जमत नाय. बायकांशी तेवढं मी बोलेन."

तिने ते मनापासून म्हटलं होतं. आज कळतं. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की मला हमाल केलं. मी बोलत सुटले. जावेला मूल नाही. घरात कोणी तो विषय कधी काढला नव्हता. मी काढला.

ती उठली. स्वतःचा कप विसळून पालथा घातला आणि गेली. आमचं अंगण एकच आहे. तेव्हापासून ती तिच्या बाजूने जाते, मी माझ्या.

या मोसमात मी गटाबाहेर, माझ्यापुरता वाल घ्यायला एकटीच निघाले, रोह्याकडच्या एका शेतकऱ्याकडे. त्याच्याकडून मी नऊ वर्षं घेत आले होते. पडवीत दोन पिंपं होती. एक त्याने उघडून दाखवलं. नेहमीचा माल.

"त्या दुसऱ्यात काय, दादा?"

"तो गटाचा हाय."

मी झाकण उचललं. आत लहान, जड, एकासारखा एक दाणा. असा वाल मी आयुष्यात हातात घेतला नव्हता.

"हा मला कधी दाखवला नायस."

"तुला दाखवून काय करू?" तो रागावला नव्हता. "तू नावं ठेवनार. बापाच्या वेळचं बी हाय हे. त्याला नावं ठेवलेली माझ्यानं ऐकवत नाय. तुझी जाव आली, वंजळीत घेतला नि म्हनाली, काय दाना हाय हा, दादा. म्हटलं, घेऊन जा." मग जरा हसला. "भावाला मात्र ती पन सोडत नाय. तुझीच जाव ती."

म्हणजे नऊ वर्षं मी भाव पाडून जिंकत होते, आणि घरी नेत होते ते दुसऱ्या प्रतीचं.

काही न घेता मी स्टेशनावर येऊन बसले. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि ज्याला याचा अर्थ लागेल असं माणूस एकच होतं. मी फोन लावला. तिने लगेच उचलला.

"बोल बाय."

नऊ वर्षांत जे म्हटलं नाही ते म्हणायचं होतं. शिवाय त्या संध्याकाळचं.

"रोह्यात यंदा वालाला काय भाव दिलास?" मी विचारलं.

तिने सांगितला. पलीकडून गटातल्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं. मी आणखी काही बोलेन म्हणून ती थांबली.

"बरं," मी म्हटलं, आणि फोन तिनेच ठेवला.