पाठ वाजली तेव्हा

उपचाराच्या टेबलावर आमचे हे पालथे पडले होते. कायरोप्रॅक्टर मॅडमनी त्यांच्या मणक्यांवरून बोटं फिरवली, तळव्याने एक नेमका दाब दिला आणि पाठ कट्कन वाजली. "मेलो!" हे ओरडले आणि लगेच हसत सुटले. कितीतरी महिन्यांनी मी ते हसू ऐकत होते.

तीस वर्षं एसटी चालवून त्यांची कंबर पार धरली होती. अफूच्या जातीच्या जालीम गोळ्यांनी दुखणं दबलं, पण हे दिवसभर खुर्चीत पेंगू लागले. भाजी अळणी झाली तरी निमूट जेवायचे. गोळीची वेळ मात्र चुकवत नसत. शेवटी मी डॉक्टरांना म्हटलं, "दुखणं कमी झालंय हो, पण माणूसही कमी झालाय." मग त्यांनीच गोळ्या हळूहळू कमी केल्या, व्यायाम दिले आणि एक्स-रे बघून इथे पाठवलं.

कंबर अजून दुखते. पूर्वी मला वाटायचं, बरं होणं म्हणजे न दुखणं. आता वाटतं, दुखतंय हे सांगायला माणूस जागा असणं, हेही बरं होण्यातच येतं.

परतताना रिक्षात बसल्यावर हे पुढे वाकून म्हणाले, "अहो, खड्ड्याच्या डावीकडून काढा! आणि गिअर बदला की!"

रिक्षावाला वैतागून माझ्याकडे बघू लागला. "काका नेहमी असेच का?"

"नेहमी!" मी अभिमानाने सांगितलं.