समोरच्याचा उजवा

सत्तावीस वर्षं काका लोकांच्या मागे उभे राहिले. त्यांचं छोटं सलून होतं. गिऱ्हाईक खुर्चीत, समोर आरसा आणि मागे कात्री घेऊन काका. गिऱ्हाइकाचा उजवा कान काकांच्या उजव्या हाताला, आणि आरशात पाहिलं तरी उजव्याच बाजूला. त्यामुळे डावं कुठलं आणि उजवं कुठलं, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही.

मग सलूनची इमारत पाडायची ठरली. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता, तो रस्त्यापलीकडे गेला. सलूनला कुठेच जागा मिळाली नाही. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना सगळे मॅडम म्हणत. सामान हलवता हलवता त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या वस्तऱ्याने कुणाला ओरखडा उठल्याचं ऐकलं नाही. मला असाच हात हवाय. मदतनिसाचा सहा महिन्यांचा कोर्स आहे, या."

आणि एकोणपन्नासाव्या वर्षी काका दवाखान्याच्या मागच्या खोलीत, एकोणीस वर्षांच्या दोन मुलींशेजारी वही उघडून बसले.

पुष्कळसं त्यांना जमलं. हत्यारं धुणं, वाफेवर निर्जंतुक करणं, ट्रेमध्ये लागतील त्या क्रमाने मांडणं यात मुलींनीच त्यांना विचारावं. पेशंटच्या तोंडातली थुंकी ओढून घेणारी नळी ते अशी धरत की पेशंटला ती आहे हेही कळत नसे. घोडं पेंड खायचं ते दातांच्या नंबरांवर.

तोंडाचे चार भाग करायचे. पेशंटचा वरचा उजवा एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. मग प्रत्येक भागात समोरच्या दातापासून मागे मोजत जायचं. खालच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ म्हणजे चार-सहा. तीच डावीकडे असली तर तीन-सहा.

"सोप्पं आहे काका," मुली म्हणाल्या.

सोपं असेलही. पण कागदावरचं चित्र पेशंट आपल्याकडे तोंड करून बसल्यासारखं काढलेलं. त्याचा उजवा आपल्या डाव्या हाताला. जन्मभर माणसांच्या पाठी पाहिलेल्या काकांना लोक एकदम समोरून भेटायला लागले आणि त्यांची मतीच गुंग झाली.

घरी जेवणं झाली की ते टॉर्च घेऊन बायकोसमोर बसत.

"आ कर. आता तुझी उजवी दाढ कुठली?"

"अहो, माझं तोंड तुम्ही उघडून बघताय आणि मलाच काय विचारताय?"

"परीक्षा तुझी नाही, माझी आहे."

"मग मी मिटू का तोंड? जबडा भरून आला माझा."

मुलीने युक्ती सांगितली. "बाबा, उजव्या मनगटाला दोरा बांधा. विसरणारच नाही." काकांनी बांधला. दवाखान्यात हातमोजा चढवला, दोरा आत गेला. शिवाय तो दोरा त्यांचा उजवा दाखवत होता, समोरच्याचा नाही. हे ध्यानात यायला त्यांना दोन दिवस लागले.

चुका झाल्याच. एकदा दोन-चारचं भरणं एक-चारवर लिहिलं. एकदा वरच्या डाव्या बाजूला औषध लावायचं तर कापूस उजवीकडे ठेवला. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"दोन झाल्या काका. इथली चूक केसासारखी परत वाढत नाही. तिसरी झाली तर खुर्चीपाशी उभं करणार नाही, आणि सर्टिफिकेटवर सहीही करणार नाही."

काकांनी मान हलवली. खिडकीतून पलीकडे दिसत होतं. सलूनच्या जागी आता मोठा खड्डा होता.

त्यानंतर एका सोमवारी एक म्हातारे मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, कानाने जड. खालच्या दोन्ही सहा नंबरच्या दाढांत जुनं भरलेलं. मॅडमनी ठोकून पाहिलं, नंबर सांगितला, काकांनी लिहिला. एक्स-रेची छोटी फिल्म काढली, ती काकांनीच धुऊन वाळवली आणि पट्टीत अडकवली. दाढ काढायचं गुरुवारी ठरलं.

गुरुवारी मॅडमनी पट्टी उजेडाच्या पेटीवर ठेवली आणि थबकल्या.

"कागदावर चार-सहा आणि फिल्ममध्ये तीन-सहा! काका, पुन्हा?"

काकांनी वाकून कागद पाहिला.

"मास्तर, कुठल्या बाजूला दुखतंय?" मॅडमनी मोठ्याने विचारलं.

"ह्या कानापासून त्या कानापर्यंत! कुठली ते तुम्ही शोधायचं. मी फी कशाची देतोय?"

"फिल्म खोटं बोलत नाही," मॅडम म्हणाल्या. "लिहिणाऱ्याचा हात चुकतो. इंजेक्शन डावीकडे देऊ."

काका ट्रेजवळ उभे होते. कागद आपला, फिल्मही आपणच लावलेली. दोन्हीकडे आपणच आणि दोन्हीकडे बेभरवशाचे. सोमवारी मॅडम काय म्हणाल्या होत्या? चार-सहा, बहुतेक. की आपण तसं ऐकलं? आठवायला जावं तो डावीकडचं उजवीकडे व्हायला लागलं.

मग त्यांना ठिपका आठवला. प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका असतो. एका बाजूने फुगीर, दुसरीकडून खोलगट. फुगीर बाजू आपल्याकडे ठेवून लावायची, नाहीतर अख्खं चित्र उलटं होतं आणि उजवी दाढ डावी दिसते. सोमवारी काकांनी ठिपका पाहिला होता. पण चष्म्यातून उंचवटा आणि खळगा त्यांना सारखेच दिसत.

त्यांनी हातमोजा काढला. दाढी झाल्यावर हनुवटीवर खुंट राहिला का पाहावं तसा फिल्मच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

खळगा.

म्हणजे फिल्म उलटी? की उलटी म्हणजेच बरोबर? एक क्षण तेही कळेना. एवढं मात्र नक्की की खळगा लागायला नको होता. आणि हे बोलायचं म्हणजे तिसरी चूक आपल्याच तोंडाने कबूल करायची. नाही बोललं तर मास्तरांची धडधाकट दाढ जाणार.

मॅडमनी सिरिंज उचलली. मास्तरांनी आ केला.

"मॅडम, थांबा."

"काय?"

"फिल्म मी उलटी लावलीय. बहुतेक. नाही, लावलीच आहे. कागद बरोबर असावा."

"असावा?"

"ठिपका आत गेलाय. हात लावून बघा."

मॅडमनी सिरिंज खाली ठेवली, मोजा काढून बोट फिरवलं. फिल्म उलटवून लावली. नवा मोजा चढवला आणि दात बघायच्या आरशाच्या दांड्याने मास्तरांची डावी दाढ ठोकली. मास्तर शांत. उजवी ठोकली, तसे मास्तर खुर्चीतून वीतभर उडाले.

"हीच ती! सटवी!" मास्तर ओरडले. "सोमवारपासून शोधताय होय?"

दाढ निघाली. काका नळी धरून उभे होते आणि तिसरी चूक धरली की नाही याचा विचार करत होते. चूक तर झालीच होती. पण पकडलीही आपणच. मग ती पकडण्यात जमा होते की चुकण्यात? विचारायचा धीर होईना. आता मोजे काढून ठेवावेत आणि गुपचूप घरी जावं, असंही वाटून गेलं.

"चूळ भरा," मॅडम मास्तरांना म्हणाल्या.

काकांनी लगबगीने पाण्याचा पेला पुढे केला. थुंकायचं भांडं मास्तरांच्या डाव्या हाताला. मास्तर तिकडे वळले, पेला उजवीकडून आला, आणि अर्धं पाणी मास्तरांच्या सदऱ्यावर सांडलं.

"ही चौथी," मॅडम मान वर न करता लिहीत म्हणाल्या. "पुढच्या पेशंटला बोलवा. आणि दुपारी त्या दोघी मुलींना अंगठ्याने ठिपका कसा बघायचा ते शिकवा."

काका दारापर्यंत गेले. चौथी म्हणजे तिसरी धरली होती. तिसरी धरली होती, तर आपण अजून इथे कसे? त्यांनी बोटं मोजून पाहिली. मग बाहेर डोकावून विचारलं, "पुढचं कोण?"