झुंबरबाईंनी सोडलेलं वांगं

शिरपूरजवळच्या त्या खेड्यात झुंबरबाईंच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. सून सुगंधा तर घरात पाय न वाजवता चालायची. पण याच झुंबरबाईंनी गुरुमंत्र घेतला तेव्हापासून वांगं सोडलं होतं, तेही खानदेशात राहून! हिवाळ्यात गल्लीभर भरिताचा वास सुटला की बाई दार लावून दह्याशी भाकर खात. कारण कुणाला ठाऊक नव्हतं. गुरूनं कानात सांगितलेलं चारचौघांत बोलायचं नसतं. गुरूच्या शब्दाखातर आपण एवढं सोडलं, याचा त्यांना मात्र कोण अभिमान!

गुरुबाबा देशावरचे. दरवर्षी गुरुपौर्णिमेला येत. पण चातुर्मासात वांगं कुणाच्याच चुलीवर नसतं, त्यामुळे विषय कधी निघालाच नाही. १९८८ साली बाबा आजारी पडले आणि आले ते थेट चंपाषष्ठी उलटल्यावर. झुंबरबाईंनी हौसेनं त्यांचे पाय ताटात धुतले, गंध-फूल वाहिलं. बाबांसाठी सुगंधानं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत केलं होतं.

"बाई, तूही बस पानावर," बाबा म्हणाले.

"मी वांगं सोडेल शे, बाबा." बाई आता शाबासकीची वाट पाहू लागल्या.

"का गं?"

बाई बाबांजवळ सरकल्या. त्या वाकून हळूच म्हणाल्या, "तुम्हीच तं कानमा सांगेल व्हतं, वांगं सोड!"

बाबा जरा आठवत राहिले आणि मग त्यांना हसू आवरेना. "अगं, मी म्हणालो होतो, वंगाळ सोड. वंगाळ बोलणं! आमच्याकडं वाईटाला वंगाळ म्हणतात."

झुंबरबाईंना रडूच फुटलं. इतकी वर्षं जीव मारला तो फुकट?

"बाबा, आते वांगंच ऱ्हाऊ द्या. ते सोपं शे. बोलनं मन्हाकडतून सुटाव नही."

"ज्या जिभेनं माझ्या शब्दाखातर इतकी वर्षं भरीत नाकारलं, तिला एक वाईट शब्द गिळता येणार नाही होय?" असं म्हणून बाबांनी जेवायला सुरुवात करण्याआधी पानातला घास बाईंच्या हातावर ठेवला.

बाईंनी डोळे मिटून तो तोंडात घातला. भरितात मीठच नव्हतं. सुगंधा दाराआड पदर चावत उभी होती. बाईंची जीभ नेहमीसारखी वळवळली, शब्द ओठापर्यंत आला. त्यांनी घास गिळला.

"सुगंधा माय, भरीत चांगलं जमेल शे. जरासं मीठ लई ये."

मीठ आणायला गेलेली सुगंधा बराच वेळ बाहेर आलीच नाही. ती चुलीपाशी बसून रडत होती.