वय झालं, असं मी म्हणालो

मेंढीचं बीजांड सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की त्याच्याभोवती पेशींचे थर दिसतात. थर दाट असले तर बीजांड चांगलं, त्यातून गर्भ तयार होण्याची आशा. माझी उमेदीची वर्षं हेच पाहण्यात गेली. सकाळी सोलापुरातल्या कत्तलखान्यातून कापलेल्या मेंढ्यांची अंडाशयं मिठाच्या कोमट पाण्यात, थर्मासमध्ये घालून आणायची आणि प्रयोगशाळेत बसायचं.

वळसंगजवळच्या एका धनगर बाईकडं काळी दख्खनी मेंढी होती. या जातीला सहसा एकच कोकरू होतं. ही दर वेताला जुळी द्यायची. मी बाईला गळ घातली. इंजेक्शनं द्यायची, पोटात दुर्बिणीची नळी घालून बीजांडं काढायची, तेही एकदाच, असं कबूल केलं. "दादा, तुमी म्हनताय तर न्या की," ती म्हणाली.

बीजांडं इतकी सुरेख निघाली की मला मोह आवरला नाही. मेंढी पुन्हा नेली, परत नेली. शेवटी आत व्रण धरून अंडाशय चिकटलं. ते मी त्याच नळीतून पाहिलं. मेंढी नंतर गाभण राहिली नाही. बाईनं कारण विचारलं, तेव्हा खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. वय झालं तिचं, एवढंच म्हणालो.

काही महिन्यांनी कत्तलखान्याच्या दारात पाच-सहा मेंढ्या उभ्या दिसल्या. कानाची खाच त्या बाईच्या कळपाची. व्यापाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "म्हाताऱ्या झाल्यात म्हनं. डाक्टरच सांगून गेलाय." त्या मेंढीच्या वयाच्या सगळ्याच बाईनं काढून टाकल्या होत्या. तिथल्या तिथं थांबवता आलं असतं. मी थर्मास उघडून वाट पाहत राहिलो. त्या दिवशी पाहिली तशी दाट थरांची बीजांडं मला क्वचितच मिळाली असतील.

यंदा गेलो आणि बाईला सगळं सांगितलं. जुळी देणारी मेंढी विकायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. म्हणून ती अजून कळपात होती. बाई तिच्या पाठीवर हात ठेवून ऐकत राहिली.

"मग बाकीच्या?"

"चांगल्या होत्या," मी म्हणालो.

"म्या इचारलं व्हतं की तुमाला."

चहा तिनं नेहमीसारखाच दिला. निघताना मात्र दादा म्हणाली नाही.

"साहेब, कुत्रं सुटं हाय. जपून जावा."